जनुकांच्या खुणा आणि दुधाची नोंद



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय आपल्या घरातलाच असावा असे मला वाटले, म्हणून दूध निवडले. आज सकाळी आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी दूध तापले असेल. ते देणाऱ्या जनावराच्या आनुवंशिकतेबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत खूप काही कळले आहे, पण त्यातले आपल्यापर्यंत आले ते बहुतेक जाहिरातींतून. 'ए-टू' हे नाव इथल्या सगळ्यांनी ऐकले आहे. 'डीजीएटी-वन' हे फारच थोड्यांनी ऐकले असेल. दुधाच्या पातळ-घट्टपणाशी, सायीशी, शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या दराशी खरा संबंध आहे तो या दुसऱ्याचा.

दुधाचा दर्जा म्हणजे काय ते आधी पाहू. मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रावर आता बहुतेक ठिकाणी यंत्र असते. नमुना नळीखाली धरला की मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरणारे घन पदार्थ, पडद्यावर येतात. पण वाद झाला की गर्बरची काचेची नळी बाहेर निघते. तीत आधी 10 मिलिलिटर गंधकाम्ल घालतात, त्यावर कडेने अलगद 10.75 मिलिलिटर दूध सोडतात, मग 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट लावून नळी हलवली की ती इतकी तापते की फडक्याशिवाय धरवत नाही. दूध तपकिरी होत होत काळपट पडते. नळी यंत्रात गरगर फिरवून 65 अंशांच्या पाण्यात ठेवली, की तिच्या अरुंद मानेत स्निग्धाचा पिवळसर, पारदर्शक थर वर येतो. तो किती रेघा चढला ते वाचायचे. बाहेर उभा असलेला शेतकरी एवढेच विचारतो, "किती लागली?" गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा आपल्याकडच्या दराचा पाया. त्याखाली गेले की पैसे कापले जातात.

ही पद्धत स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवली. ती साधी आणि भक्कम आहे. पण तिची पहिलीच पायरी पाहा: आम्ल दुधातली प्रथिने विरघळवून टाकते. ज्या परीक्षेवर दुधाचा भाव ठरत आला, तिला प्रथिने दिसतच नाहीत. एसएनएफमध्ये प्रथिने येतात हे खरे, पण साखर आणि क्षारांबरोबर एकाच आकड्यात मिसळून. म्हणून आपल्या शेतकऱ्याला आपल्या गायीची फॅट तोंडपाठ असते आणि तिच्या दुधातले केसिन किती, हे त्याला कोणीच कधी सांगितलेले नसते.

आता यातले गायीच्या रक्तातून किती येते आणि गव्हाणीतून किती? पैदासशास्त्रात याचे मोजमाप पुष्कळ झाले आहे. एकाच कळपातल्या गायींच्या दुधात किती लिटरचा फरक पडतो, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा आनुवंशिक असतो. फॅटच्या टक्केवारीतल्या फरकाचा मात्र जवळपास निम्मा हिस्सा आनुवंशिक असतो. कासेला दगडी, म्हणजे कासदाह, होण्याची प्रवृत्ती मोजायला दुधातल्या पेशी मोजतात. त्यात आनुवंशिक वाटा दहा टक्क्यांच्या आसपास येतो, बाकी सगळे गोठा, हात आणि स्वच्छता यांचे. म्हणजे दगडी टाळायला आधी गोठा सुधारायचा आणि फॅट सुधारायला आधी वळू निवडायचा. हा क्रम उलटा करणारे सल्ले आजही दिले जातात आणि त्यात शेतकऱ्याचे पैसे जातात.

जनुकांच्या खुणांकडे येतो. 1955 साली इंग्लंडमध्ये अशाफेनबुर्ग आणि ड्र्यूरी या दोघांनी वेगवेगळ्या गायींच्या दुधातली प्रथिने कागदाच्या पट्टीवर विजेच्या साहाय्याने पळवली. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन काही गायींत एका जागी थांबले, काहींत दुसऱ्या जागी, आणि काहींत दोन्ही जागी. मेंडेलच्या वाटाण्यांचा नियम दुधाच्या पेल्यात दिसला तो इथे. पुढे केसिनचीही निरनिराळी रूपे सापडली. त्यातले कॅपा-केसिनचे 'बी' रूप चीज करणाऱ्यांना फार मोलाचे वाटते, कारण त्या दुधाचा चक्का लवकर आणि घट्ट धरतो आणि चीजही जास्त पडते. युरोपात काही ठिकाणी वळू निवडताना हे पाहिले जाते. आपल्या देशी गायींत 'ए' रूपाचे प्रमाण जास्त आहे. आपल्याकडे चीज आणि पनीरचे कारखाने वाढत असताना वळूंच्या माहितीपत्रकात ही एक ओळ असायला हरकत नव्हती.

खूण दोन तऱ्हेची असते. एक म्हणजे खुद्द जनुकातलाच बदल. दुसरी म्हणजे गुणसूत्रावर त्या जनुकाच्या शेजारी बसलेला एखादा निरुपद्रवी बदल, जो जनुकाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जोडीने जातो. दादरहून घरी निघालेला कल्याणकर ठाकुर्ली आले की पिशवी उचलून दाराकडे सरकतो. ठाकुर्ली म्हणजे कल्याण नव्हे, पण त्या मार्गावर ठाकुर्लीनंतर कल्याणच येते. शेजारची खूण अशी काम करते. पण कसाऱ्याहून येणाऱ्याला कल्याणच्या आधी शहाड लागते आणि कर्जतहून येणाऱ्याला विठ्ठलवाडी. ठाकुर्लीची वाट पाहत बसला तर तो कल्याण ओलांडून जाईल. परदेशी होल्स्टीन गायीत शोधलेली शेजारची खूण गीर किंवा डांगी गायीला लावली तर हेच होते. वंश वेगळा, मार्ग वेगळा, शेजारी वेगळे. 'आमच्याकडे आंतरराष्ट्रीय दर्जाची चाचणी आहे' असे सांगणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की ती कोणत्या जातीच्या किती जनावरांवर पडताळली आहे?

खुद्द जनुकातल्या बदलाचे सर्वांत गाजलेले उदाहरण डीजीएटी-वन. बेल्जियममधल्या लिएजच्या मिशेल जॉर्ज यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ते मांडले. गायीच्या चौदाव्या गुणसूत्रावरचे हे जनुक. कासेत स्निग्धाचा कण तयार होताना शेवटचा टाका घालणारे विकर त्यातून बनते. या विकराच्या 232 व्या जागी काही गायींत लायसिन असते, काहींत अलानिन. लायसिन असलेल्या गायीच्या दुधात फॅट जास्त आणि दूध थोडे कमी. अलानिन असलेल्या गायीचे लिटर जास्त आणि दूध पातळ. एका जागेच्या अदलाबदलीने एवढा फरक पडावा हे पैदासशास्त्रात दुर्मीळ आहे, म्हणून जगभर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या.

आता आपल्याकडची गोष्ट. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी 2006 मध्ये भारतीय गायी आणि म्हशींच्या अनेक जाती तपासून निष्कर्ष छापला. सगळ्यांत लायसिनच. अलानिन सापडलेच नाही. हा निष्कर्ष दोन बाजूंनी वाचावा लागतो. एक तर आपल्या देशी गायीचे आणि म्हशीचे दूध घट्ट का, याच्या उत्तराचा एक धागा हाती आला. दुसरे असे, की ज्या खुणेवर जग वळू निवडते ती आपल्या शुद्ध देशी जातींत निवडीला कामाची नाही. सगळ्यांकडे तेच असेल तर निवडायचे काय? देशी वळूसाठी या चाचणीचे पैसे कोणी मागितले तर ते देऊ नयेत.

संकरित गायीत मात्र ती चाचणी बोलकी होते. आपल्या ठाणे-डोंबिवलीत पिशवीतून येणारे गायीचे दूध मोठ्या प्रमाणावर संकरित गायींचे आहे: पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, कोल्हापूर या पट्ट्यातल्या गायींचे. होल्स्टीनमध्ये दोन्ही रूपे आहेत, जर्सीत घट्ट दुधाचे रूप अधिक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तिघांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली. त्यात जर्सीचा चौथा हिस्सा ठेवण्यामागे फॅटचा विचार होता, आणि तो जनुक सापडण्याच्या कितीतरी आधी केवळ अनुभवाने केलेला होता. आज होल्स्टीनचे रक्त वाढत वाढत गेलेल्या गोठ्यात फॅट 3.5 च्या खाली घसरते, शेतकरी खुराक बदलून पाहतो, सरकी वाढवतो, आणि घसरण थांबत नाही. त्याला त्याच्या गायीच्या चौदाव्या गुणसूत्राबद्दल कोणी सांगत नाही. पुढची रेतकांडी निवडताना वळूचे डीजीएटी रूप विचारणे हे त्याच्यासाठी सरकीच्या एका पोत्यापेक्षा स्वस्त पडेल.

ए-टूबद्दल मी थोडे स्पष्ट बोलणार आहे, कारण इथल्या कुटुंबांचा पैसा त्यात जातो आहे. बीटा-केसिन या प्रथिनाच्या 67 व्या जागी प्रोलिन असेल तर ते ए-टू आणि हिस्टिडिन असेल तर ए-वन. डीएनएच्या एका अक्षराचा फरक. ए-वन पचताना बीसीएम-7 नावाचा तुकडा सुटू शकतो, एवढे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यामुळे मधुमेह किंवा हृदयविकार होतो का, याचा आढावा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2009 मध्ये घेतला आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असे सांगितले. काही लोकांना ए-टू दूध पोटाला हलके वाटते, त्यावर संशोधन सुरू आहे, आणि ते व्हावे.

पण तीन गोष्टी पक्क्या आहेत. देशी गायींत ए-टूचे प्रमाण 98 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हशीत तपासलेल्या जातींमध्ये ते सगळेच ए-टू निघाले. म्हणजे तबेल्यातल्या म्हशीचा रतीब लावणारी ठाण्या-कल्याणची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ए-टूच पीत आली आहेत आणि त्याचे वेगळे पैसे त्यांनी कधी दिले नाहीत. तिसरी गोष्ट तुपाची. ए-वन आणि ए-टू हा प्रथिनातला फरक आहे. तुपात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. कढवताना खाली बसलेली बेरी आपण गाळून टाकतो, तिच्यातच ते जाते. मग 'ए-टू तूप' म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे कशाचे घेतात? 21 ऑगस्ट 2024 रोजी अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने असे दावे वेष्टनांवरून काढायला सांगितले आणि पाच दिवसांत ती सूचना मागे घेतली. ती मागे घेतली गेली याचे मला वाईट वाटते. गीर गायीचे तूप चवीसाठी, रंगासाठी, ती गाय टिकावी म्हणून जरूर घ्यावे. त्यावर ए-टूची मोहोर असण्याचे कारण नाही.

खुणांचा सर्वांत सरळ उपयोग मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. होल्स्टीन जातीत 'ब्लॅड' नावाचा आनुवंशिक दोष आहे. तो दोन्ही पालकांकडून आला तर वासराच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढू शकत नाहीत आणि वासरू बहुधा वर्षाच्या आत मरते. ऑसबॉर्नडेल आयव्हानहो नावाच्या एका अमेरिकी वळूच्या वंशातून, त्याचा नातू बेल फार लोकप्रिय झाल्यामुळे, हा दोष जगभर पसरला. दूध उत्तम म्हणून त्याच्या कांड्या सगळीकडे गेल्या आणि दोषही बरोबर गेला. नव्वदच्या दशकात डीएनए चाचणी आली. आज आपल्या देशातल्या वीर्य केंद्रांच्या नियमावलीत होल्स्टीन वळूची ब्लॅडसाठी चाचणी बंधनकारक आहे. कांडी घेणाऱ्या शेतकऱ्याला हे नावही माहीत नसते आणि त्याची वासरे वाचतात. एकाच जनुकाचा स्वच्छ परिणाम असला की खूण अशी हमखास काम करते.

महाराष्ट्रात असे एक फार सुंदर काम फलटणला झाले आहे. ते मेंढीचे आहे, तरी सांगतो. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनची गरोळ ही बुटकी, जुळी-तिळी देणारी मेंढी आणून तिचे जनुक दख्खनी मेंढीत उतरवले. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. फेक-बी हे ते एकच जनुक. 2001 मध्ये त्यातला नेमका बदल सापडला आणि मग कोकरू लहान असतानाच रक्ताच्या चाचणीने वाहक ओळखता येऊ लागले. धनगराच्या वाड्यावर या मेंढ्या गेल्या, त्यांची कोकरे मोजली गेली, आणि 'नारी सुवर्णा' नावाने हा वाण उभा राहिला. बनविहारी निंबकर आणि डॉ. चंदा निंबकर यांनी यात कित्येक वर्षे घातली. खूण सापडणे हा त्यातला छोटा भाग होता. कोणत्या मेंढीला किती कोकरे झाली, किती जगली, किती वजनाची विकली गेली, हे वाड्यावाड्यावर जाऊन लिहून ठेवणे हा मोठा.

दुधाचे जनुकशास्त्र मेंढीच्या जुळ्यांइतके सरळ नाही. डीजीएटी-वन हा अपवाद. बाकी दूध हजारो जनुकांच्या छोट्या छोट्या वाट्यांनी ठरते. एकेक खूण शोधून तिथवर पोचणे अशक्यच होते. 2001 मध्ये म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड या तिघांनी वेगळा मार्ग मांडला: एकेका जनुकाचा शोध सोडा, सगळ्या गुणसूत्रांवर दाट खुणा पसरा, हजारो गायींच्या खुणा आणि त्यांचे दूध एकत्र ठेवा, आणि प्रत्येक खुणेचा छोटा वाटा गणिताने काढा. मग नुकत्याच जन्मलेल्या गोऱ्ह्याच्या खुणा पाहून त्याच्या भावी लेकींच्या दुधाचा अंदाज बांधता येतो. वळू दूध देत नाही. त्याची किंमत त्याच्या लेकी व्यायल्यावर कळते आणि तोवर पाच-सहा वर्षे जातात. ही वाट पाहणे या गणिताने वाचले. पुढे पन्नास हजार खुणांची चिप बाजारात आली, 2009 मध्ये अमेरिकेने होल्स्टीन आणि जर्सीसाठी ही पद्धत अधिकृतपणे लागू केली, आणि तिथली सुधारणेची गती वाढली.

आपल्याकडेही चिप आहे. 5 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्याच वाशीमला गायींसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' पंतप्रधानांच्या हस्ते देशाला दिल्या गेल्या. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेची 'इंडिगौ' त्याआधी 2021 मध्ये आली होती. चिप तयार करणे हे आपल्या शास्त्रज्ञांचे मोठे काम आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण चिपवर फक्त खुणा दिसतात. त्या खुणांच्या गायीने किती दूध दिले, किती फॅटचे, किती प्रथिनांचे, किती दिवस, हे तिला बाहेरून सांगावे लागते. दुधाच्या नोंदीशिवाय ती मुकी आहे.

नोंदीने काय होते ते गीर गायीने दाखवले. 1960 च्या सुमारास भावनगरच्या महाराजांच्या कळपातला 'कृष्णा' हा वळू ब्राझीलला गेला. त्याआधी आणि नंतरही गीर जनावरे तिकडे गेली. ब्राझीलच्या पशुपालकांनी आणि एम्ब्रापा या त्यांच्या सरकारी संशोधन संस्थेने 1985 पासून गीर वळूंची लेकींवरून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. कोणत्या गायीने किती दूध दिले ते लिहीत गेले, पिढ्यामागून पिढ्या. आज भारतातली राज्ये आपल्याच गीरचे वीर्य ब्राझीलकडून मागवतात. गाय तीच होती. गुजरातच्या गवतावर ती आपल्याकडे राहिली, आपण तिची पूजा केली, आणि तिचे दूध मोजले नाही. हे बोलताना मला दुःख होते, आणि मी ते लपवणार नाही.

नोंद ठेवणे आपल्याकडे कठीण का आहे, हे मला ठाऊक आहे. परदेशात एका गोठ्यात दोनशे गायी एकाच चाऱ्यावर असतात. त्यांच्यातला फरक हा बराचसा रक्ताचा असतो. आपल्याकडे एका घरी एक किंवा दोन गायी. या घरच्या गायीने जास्त दूध दिले ते रक्तामुळे की मालकिणीने रोज ताजा घास घातला म्हणून? वेगळे करता येत नाही. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेल्या बायफ या संस्थेने यातूनही वाट काढली. त्यांच्या गावोगावच्या शेतकऱ्यांच्या संकरित गायींच्या दुधाच्या नोंदी आणि डीएनए यांचा ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांबरोबर अभ्यास झाला आणि 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकेका गायीच्या घरांतूनही, गायी एकमेकींच्या किती जवळच्या नात्यातल्या आहेत हे खुणांवरून काढून, आनुवंशिक गुणवत्तेचा अंदाज बांधता येतो, हे त्यातून दिसले. म्हणजे छोट्या शेतकऱ्याची गायसुद्धा देशाच्या पैदाशीला आकडा देऊ शकते.

आता आपल्या दारातल्या म्हशींकडे येतो. मुंबईच्या वाढीबरोबर म्हशींचे तबेले शहरात उभे राहिले, 1949 मध्ये दारा खुरोडींच्या पुढाकाराने आरेची दूध वसाहत झाली, 1976 मध्ये शहरांत गुरे पाळण्यावर नियंत्रणाचा कायदा झाला, आणि मुंबईचे तबेले हलवण्यासाठी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या दापचरीला प्रकल्प उभारला गेला. या सगळ्यात मुख्य चिंता जागेची, स्वच्छतेची आणि शहराच्या दुधाची होती. कल्याण-भिवंडी पट्ट्यातही तबेले आले आणि टिकले. आपल्या जिल्ह्याच्या वाळक्या गवताने आणि पेंढ्याने त्यांना पोसले.

तबेल्याचे गणित असे चालते. हरियाणातून मुऱ्हा, गुजरातेतून मेहसाणा, जाफराबादी म्हैस ताजी व्यालेली विकत आणायची. दलाल तिची कास, शिरा, कातडीची चमक पाहतो. दोन वेळा पिळून दूध मोजून दाखवतो, मग किंमत ठरते. महागातली, म्हणजे सर्वांत जास्त दूध देणारी म्हैस शहराकडे येते, कारण तिची किंमत शहरालाच परवडते. इथे जागा महाग, चारा महाग. पारडू सांभाळणे परवडत नाही, म्हैस पुन्हा भरवून भाकड काळात पोसणे परवडत नाही. वेत संपले की बहुतेक म्हशी कत्तलखान्याकडे जातात. शंभर वर्षांहून अधिक काळ हरियाणा आणि गुजरातच्या खेड्यांतल्या निवडक म्हशी अशा आपल्या शहरांत येऊन, मागे लेक न ठेवता संपल्या आहेत. देशाच्या म्हैस पैदाशीचे याहून मोठे नुकसान दुसरे कुठले असेल असे मला वाटत नाही, आणि त्याचे दूध आपण प्यायलो आहोत.

हे नुकसान आपण थांबवू शकणार नाही. ते जागेच्या आणि पैशाच्या हिशेबात रुतलेले आहे. पण त्या म्हशींकडे अशी एक गोष्ट आहे जी देशात फार थोड्या ठिकाणी मिळते. एका छपराखाली शंभर-दीडशे म्हशी, एकच चारा, एकच पेंड, रोज दोन वेळ दूध काढणारे तेच हात. पैदासशास्त्राला हवी असलेली तुलना इथे आयती मांडलेली आहे. म्हशीच्या कानात बारा अंकी टॅग असेल तर ती कुठल्या गावातून आली ते 'भारत पशुधन' या सरकारी पोर्टलवरच्या नोंदीतून मागे शोधता येते. शेपटीच्या गोंड्यातले वीस-पंचवीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवले की डीएनएसाठी पुरतात. बर्फ लागत नाही, सुई लागत नाही. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचे दूध वजन करायचे, एक बाटली नमुना घ्यायचा, त्यात फॅट, प्रथिने आणि पेशी मोजायच्या. म्हैस पुढे मरेल, पण तिचे वडील, तिच्या बहिणी, तिच्या भावाच्या लेकी हरियाणाच्या गावांत आहेत. तिच्या दुधाच्या आकड्यांनी महिष चिपला त्यांच्याबद्दल बोलता येईल.

अडचणी आहेत आणि त्या आधी सांगितल्या पाहिजेत. तबेल्यात चांगल्याच म्हशी येतात, म्हणून तुलनेचा पल्ला आखूड होतो. गणितात त्याची दुरुस्ती करावी लागेल. जिथे पान्ह्यासाठी इंजेक्शन दिले जाते तिथली नोंद बाजूला ठेवावी लागेल. टॅग नसलेल्या म्हशींचे मूळ गाव कळणार नाही, निदान पहिली काही वर्षे. पण टॅगची सवय लावता येते. 2024 च्या सुरुवातीला राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले तेव्हा टॅग आणि पोर्टलवर नोंद ही अट घातली होती, आणि शेतकऱ्यांनी गायींना टॅग लावून घेतले.

तबेला मालक विचारेल, माझा काय फायदा? योग्य प्रश्न आहे. आज तो म्हैस दलालाच्या नजरेने विकत घेतो. दोन दिवसांचे दूध पाहून त्याला पुढच्या तीनशे दिवसांची किंमत मोजावी लागते. पहिल्या महिन्यात चौदा लिटर देऊन पाचव्या महिन्यात निम्म्यावर येणारी म्हैस आणि बारा लिटरवर टिकून राहणारी म्हैस यांत त्याला फरक करता येत नाही. दूध टिकण्याच्या गुणात वंशाचाही वाटा असतो. आपल्या छपराखालच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती असतील तर कोणत्या गावांच्या, कोणत्या रेड्याच्या लेकी टिकतात हे त्याला कळेल, आणि दगडी होऊन एक सड गमावणाऱ्या म्हशीवर तो पुन्हा पैसे टाकणार नाही. पेशींचा आकडा महिन्याला मिळाला तर दगडी दिसण्याआधीच लक्षात येईल. हा फायदा त्याला पहिल्याच वर्षी मिळतो, चिपची वाट न पाहता.

आणि ग्राहक म्हणून आपण? आपल्याला तबेल्याचे दूध लिटरच्या भावाने मिळते. फॅट आणि प्रथिने किती, हे आपण विचारत नाही. एखाद्या गृहसंस्थेने रतीब ठरवताना महिन्याच्या नोंदीचा कागद मागितला, आणि त्यासाठी लिटरमागे थोडे जास्त द्यायची तयारी दाखवली, तर नोंद ठेवणाऱ्या मालकाला ती ठेवण्याचे कारण मिळेल. ए-टू तुपावर जाणाऱ्या पैशाचा एक छोटा हिस्सा याला पुरेल.

हे काम करायला माणसे कुठून आणायची? 1886 मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला आहे, लोकलने तासाभराच्या अंतरावर. पशुआनुवंशिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी आकडे लागतात आणि तबेल्यांत ते रोज दोन वेळा बादलीत पडत असतात. चार तबेल्यांपासून सुरुवात पुरे. म्हशी बऱ्याचशा पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत वितात. एका वेताच्या नोंदीला दहा महिने लागतात. या दिवाळीच्या सुमारास आलेल्या म्हशींचे केस आणि पहिले वजन घेतले, तर पुढच्या गणेशोत्सवापर्यंत पूर्ण वेताचे आकडे हाती येतील. ज्यांच्या ओळखीत तबेला आहे त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. यादी मी आजच करणार आहे.